केवढी जखम, केव्हाची जखम: लहानपणीचा पक्षाघात आणि एका समजुतीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय पक्षाघाताचा असला तरी तो म्हाताऱ्या माणसांचा नाही. पक्षाघात बाळांनाही होतो, अगदी जन्माच्या आसपासच्या दिवसांतसुद्धा. अशा वेळी आईवडील डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतात. मेंदूला इजा केवढी झालीय? आणि मूल पुढे शिकेल ना? पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर निघतं का, हे आज आपण इतिहासाच्या अंगानं पाहू.

सुरुवात पॅरिसपासून. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. १८६५ मध्ये वाचेचा संबंध मेंदूच्या डाव्या अर्ध्याशी आहे, असं त्यांनी मांडलं. पण १८६८ मध्ये झ्यूल कोतार यांच्या प्रबंधात वेगळीच माणसं भेटतात. त्यांचा डावा अर्धा बालपणीच खुरटला होता, तरी ती बोलत होती. जखम मोठी, आणि वाचा शाबूत! उजवी बाजू डावीचं काम उचलू शकते, हा विचार इथून रुजला.

यानंतर दोन प्रवाह दिसतात. एक आकाराचा. १९२९ मध्ये अमेरिकेत कार्ल लॅशली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून सांगितलं, की मेंदूचा बाह्यपटल जितका जास्त काढला, तितकं चक्रव्यूहातली वाट शिकणं अवघड होतं. दुसरा प्रवाह वयाचा. १९३६ पासून येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर काम केलं. हालचालींच्या केंद्राला इजा झाल्यावर पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरत. याचंच पुढे ‘केनार्ड तत्त्व’ झालं: इजा जितकी लवकर, तितकं बरं.

आता गंमत बघा. खुद्द केनार्ड इतक्या ठाम नव्हत्या. काही पिल्लांमध्ये वाढत्या वयाबरोबर दोष उघड होतात, हे त्यांनीच नोंदवलं होतं. १९४२ मध्ये डोनाल्ड हेब यांनीही इशारा दिला, की बुद्धी घडण्याआधीच झालेली इजा काही बाबतींत जास्त नुकसान करू शकते. पण ‘लहान आहे, भरून निघेल’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. आपल्या घरांतही ते म्हटलं जातंच. इशारे मागे पडले, दिलासा तेवढा उरला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. पुढे एमआरआय आलं. जिवंत मुलाच्या मेंदूतली जखम आता मोजता येऊ लागली. मग वाटलं, मोजमाप मिळालं की भविष्यही कळेल. तसं सरळ झालं नाही. मोठ्या जखमेचा धोका साधारणपणे जास्त, हे खरं. पण जखम कुठे आहे, वरच्या पटलात की आत खोलवर, की दोन्हीकडे. ती कोणत्या वयात झाली. नंतर फिट येतात का, यानंही चित्र बदलतं. छोटी जखम म्हणजे चिंता संपली, असं म्हणता येत नाही.

आणि प्रश्न ‘केव्हा तपासलं’ याचाही आहे. २००९ मध्ये टोरांटोतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवजात असताना एका बाजूला पक्षाघात झालेली २६ मुलं त्यांनी दोनदा तपासली. शाळेआधीच्या वयात त्यांचा बुद्ध्यांक इतर मुलांसारखाच होता. शाळेत गेल्यावर मात्र काही क्षमतांत ती मागे पडलेली दिसली. शिकलेलं ती विसरली नव्हती. वयाबरोबर वाढत जाणाऱ्या अपेक्षांना त्यांचा वेग पुरत नव्हता.

याचा अर्थ व्यवहारात काय? तीन वर्षांचं मूल चालतंय, बोलतंय, म्हणून फाईल बंद होते. चौथीत तोंडी हिशेब आणि लांबलचक सूचना सुरू होतात, आणि तेच मूल ‘आळशी’ ठरतं. तोवर बाळपणीचा पक्षाघात कुणाच्या लक्षातही नसतो. ब्रोका-कोतारांपासूनची मेंदूच्या लवचिकपणाची गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. म्हणून आमचं म्हणणं इतकंच: जखमेचं माप फाईलमध्ये जरूर असावं, पण त्या फाईलची एक प्रत शाळेपर्यंत जावी, आणि मुलाची तपासणी शाळेच्या वयात पुन्हा व्हावी.