चर्चच्या गायकवृंदातील मुले : एक ओळख

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत गाण्याची बाजू सांभाळणाऱ्या गटाला गायकवृंद म्हणतात. एका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती कुटुंबे मिळून धर्मग्राम होतो आणि त्याच कुटुंबांतील मुले-माणसे या वृंदात गातात. पांडेसऱ्यातील आपल्या बहुतेक घरांना भजन-हरिपाठाची सवय असली, तरी मराठीत गाणारी ही दुसरी परंपराही आपलीच आहे.

मुले काय गातात?
मिस्सेत गाण्यांच्या जागा ठरलेल्या असतात : प्रवेशगीत, दयेची याचना, गौरवगीत, वाचनानंतरचे प्रतिसाद स्तोत्र, अर्पणगीत, ‘पवित्र, पवित्र’, ‘देवाचे कोकरू’ आणि ख्रिस्तप्रसाद घेतानाचे गीत. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात व ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रविवारी गौरवगीत वगळतात. उपवासकाळात ‘आलेलुया’ही म्हणत नाहीत. कोणते गाणे केव्हा आणि का, हे मुलाला गाता गाताच समजते.

मराठी गायनाची वाटचाल
इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. मिस्सेची भाषा मात्र पुढे साडेतीन शतके लॅटिनच राहिली. प्रोटेस्टंट पंथात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-अभंगांच्या चालीची मराठी ख्रिस्ती गीते आधीच रूढ केली होती.

कॅथलिक चर्चमध्ये बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट दिली आणि स्थानिक संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगितले. पोप दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशानुसार स्त्रियांना वृंदात जागा नव्हती. उंच पट्टीचे स्वर मुलगे गात. १९६७ च्या सूचनेने स्त्री-पुरुषांचा एकत्र वृंद मान्य केला. त्यामुळे आज मुलीही बरोबरीने गातात.

उधन्याहून मुंबईकडे जाताना वाटेत वसई रोड लागते. वसई परिसरातील अनेक चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते आणि पेटी-तबल्याच्या साथीने मराठी गीते गायली जातात. १९९८ पासून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

फी नसलेली संगीतशाळा
गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत ‘मेस्त्रे’ म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला व व्हायोलिन वाजवायला शिकवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच वातावरणात वाढले. पुढे ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत संगीत-संयोजक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल हे व्हायोलिनसाठी त्यांचे शिष्य. घरची परिस्थिती बेताची असलेल्या कित्येक गोवेकर मुलांना या शिक्षणाने पुढे रोजगार दिला.

आवाजाची काळजी
मुलांचा आवाज नाजूक असतो. ओरडून गायला लावू नये, पट्टी त्यांच्या गळ्याला सोसेल अशी धरावी. साधारण १२ ते १४ वर्षांच्या सुमारास मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. त्या काळात उंच स्वरांचा आग्रह धरू नये, पण मुलाला वृंदातून काढूही नये. पेटी, तबला किंवा पुस्तक सांभाळण्याचे काम द्यावे.

आपल्याला घेण्यासारखे
सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तरी आपली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, वाचताना मात्र अडखळतात. गाणाऱ्या मुलाला शब्द नीट उच्चारावा लागतो, पाठ करावा लागतो आणि अर्थही विचारावासा वाटतो. गायकवृंद टिकतो तो तीन साध्या गोष्टींवर : दर आठवड्याला ठरलेली वेळ, ऐकायला हमखास बसलेली माणसे आणि धाकट्यांना शिकवणारी थोरली मुले. वर्षातून एकदा गणेशोत्सवापुरती तालीम घेऊन हे साधत नाही. देव कोणताही असो, मुलांच्या तोंडी मराठी राहायची तर ती दर आठवड्याला गायली गेली पाहिजे.