पोपटीच्या मडक्यातील इतिहास

(१/२) आम्हा नागपूरकरांचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. कोकणात अलिबागकडे हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात, भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाणी नाही, तेल नाही; शेंगा-पाल्याच्या ओलाव्यावरच सारे शिजते.

(२/२) पोपटीला सर्रास ‘प्राचीन’ म्हटले जाते. मडके उघडून पाहू. वालाचे मूळ बहुधा आफ्रिकेतले. कोंबडी आग्नेय आशियातील रानकोंबड्यांची वंशज. बटाटा तर दक्षिण अमेरिकेचा. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, तेव्हा तो भारतात नव्हताच. म्हणजे बटाट्याची पोपटी पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचीच. भांबुर्डा तेवढा शेताच्या बांधावरचा.