पिक्चरफोन ते टीम्स : कार्यालयीन संवादाची साठ वर्षे

बोलताना समोरच्याचा चेहरा दाखवणारी सोय कार्यालयांना पहिल्यांदा विकायला काढली ती टेलिफोन कंपनीने. अमेरिकेच्या एटी अँड टीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला आणि ३० जून १९७० रोजी पिट्सबर्ग शहरात त्याची व्यापारी सेवा सुरू केली. पहिला कॉल शहराचे महापौर पीटर फ्लॅहर्टी आणि अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे अध्यक्ष जॉन हार्पर यांच्यात झाला. संचाचे भाडे महिना १६० डॉलर होते. त्यात ३० मिनिटे मोफत मिळत. पुढे दर मिनिटाला २५ सेंट पडत. चित्र कृष्णधवल आणि लहान असे, तरी ते वाहून नेण्यासाठी साध्या संभाषणाच्या कितीतरी पट क्षमतेची तार लागे.

सुरुवातीला आठ कंपन्यांनी मिळून ३८ संच घेतले. या योजनेच्या अपयशाचे खरे कारण त्या आकड्यातच आहे. भाडे जास्त होते हे खरे. पण ते भरूनही बोलायचे कोणाशी? ग्राहक, पुरवठादार, बँक यांपैकी बहुतेकांकडे संच नव्हता. ग्राहक कमी म्हणून उपयोग कमी आणि उपयोग कमी म्हणून नवे ग्राहक नाहीत, या चक्रात टेबलावरचा पिक्चरफोन सत्तरच्या दशकातच मागे पडला.

त्यानंतर हे तंत्र कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत गेले. ऐंशीच्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणा बाजारात आल्या, पण एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलत नसे. ही कोंडी फोडली ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने. चित्र दाबून सेकंदाला ६४ किलोबिटच्या पटीत पाठवण्याचे ‘एच.२६१’ हे मानक १९९० मध्ये पक्के झाले आणि ‘एच.३२०’ने संपूर्ण यंत्रणेचे नियम घालून दिले. संगणकाच्या जाळ्यांसाठी १९९६ मध्ये ‘एच.३२३’ आले. आता खरेदीदाराला किंमत आणि दर्जा पाहून यंत्र निवडता येऊ लागले. या क्षेत्रातले हे सर्वांत मोलाचे काम. मात्र त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

भारतात व्हिडिओ बैठकीच्या या साधनाला कायद्याची मान्यता मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यामुळे मिळाली. अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल का, असा प्रश्न महाराष्ट्र सरकारच्या अपिलात होता. साक्षीच्या वेळी लागणारी आरोपीची ‘उपस्थिती’ म्हणजे एकाच खोलीत शरीराने हजर असणे नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दिला.

लेखी संदेशांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. फिनलंडमध्ये १९८८ साली तयार झालेले ‘आयआरसी’ हे गप्पांचे साधन सर्वांसाठी खुले होते. पुढे ‘एक्सएमपीपी’ या खुल्या मानकावर २००५ मध्ये गूगल टॉक उभे राहिले. त्यानंतर एकेका कंपनीने आपापल्या आवाराला कुंपण घातले. एका बंद पडलेल्या खेळाच्या कंपनीतून निघालेले स्लॅक हे कार्यालयीन संदेशांचे साधन २०१४ मध्ये बाजारात आले. आयआरसी आणि एक्सएमपीपी वापरणाऱ्यांना त्यात येण्यासाठी असलेली दारे १५ मे २०१८ रोजी बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये टीम्स आणले आणि ते ऑफिसच्या संचासोबत दिले. ज्या कार्यालयांत वर्ड आणि एक्सेल आधीच होते, तिथे वेगळ्या निवडीची वेळच आली नाही.

करोनाच्या साथीत झूम या व्हिडिओ बैठकीच्या सेवेवरील रोजची उपस्थिती डिसेंबर २०१९ मधील एक कोटीवरून एप्रिल २०२० पर्यंत ३० कोटींवर गेली. त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, भारताच्या गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचे सांगितले आणि सरकारी कामासाठी ते वापरू नये असे बजावले. माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहते आणि ती कोण वाचू शकते, हा प्रश्न तेव्हापासून निवडीच्या यादीत वर आला.

एका कंपनीचे साधन दुसरीच्या साधनाशी जुळण्याचा आणि मोकळ्या निवडीचा जुना प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. टीम्स ऑफिसला जोडून दिल्याबद्दल स्लॅकने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टची आश्वासने कायद्याने बंधनकारक केली: टीम्सविना ऑफिसचा संच कमी किमतीत सात वर्षे विकायचा आणि स्पर्धकांच्या सॉफ्टवेअरशी जुळणी दहा वर्षे खुली ठेवायची.