गोठ्यातील प्रश्न आणि आरोग्याचे उत्तर : विस्कॉन्सिन विद्यापीठातील कृषिसंशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कृषी, अन्न व आरोग्य या ज्ञानशाखा आज स्वतंत्र मानल्या जातात. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात त्या एकत्र नांदत होत्या. हे राज्य दुग्धव्यवसायावर उभे होते. शेतकऱ्यांशी असलेले नाते हेच तेथील संशोधनाचे सामर्थ्य होते आणि तीच त्याची मर्यादाही ठरली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

एकधान्य प्रयोग :
त्या काळी पशुखाद्याची प्रत प्रथिने, कर्बोदके व स्निग्धांशाच्या प्रमाणावरून ठरविली जात असे. रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या कल्पनेतून १९०७ साली हार्ट, मॅकॉलम, स्टीनबॉक व हम्फ्री यांनी १६ कालवडींचे चार गट केले. तीन गटांना अनुक्रमे मका, गहू व ओट, तर चौथ्यास या तिन्हींचे मिश्रण देण्यात आले. रासायनिक पृथक्करणानुसार चारही आहार समतुल्य होते. तरीही मक्यावरील गाई सुदृढ राहिल्या, तर गव्हावरील गाई खंगल्या व त्यांची वासरे जगली नाहीत. या कोड्याच्या शोधात मॅकॉलम उंदरांवरील प्रयोगांकडे वळले. मार्गरीट डेव्हिस यांच्यासह १९१३ साली त्यांनी लोण्यातील व अंड्याच्या बलकातील वाढीस आवश्यक घटक दाखवून दिला; तोच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. डेव्हिस यांनी प्रारंभीची काही वर्षे विनावेतन काम केले, हेही नमूद केले पाहिजे.

गोठ्यातून रुग्णालयाकडे :
१९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय व तिचे न गोठणारे रक्त घेऊन या महाविद्यालयात आला. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ साली सडलेल्या चाऱ्यातून रक्तस्रावास कारणीभूत द्रव्य वेगळे केले. त्यावरूनच १९४८ साली वॉरफरिन हे उंदीरनाशक आले आणि पुढील दशकात ते हृदयरुग्णांचे औषध बनले. दरम्यान १९३७ साली एल्व्हेहेम यांनी कुत्र्यांतील ‘काळी जीभ’ हा विकार निकोटिनिक आम्लाने बरा होतो हे सिद्ध केले. त्यातून माणसांतील पेलाग्रावर उपचार सापडला. दख्खनच्या ज्वारीभोजी कष्टकऱ्यांतही हा रोग आढळत असे. त्यावर गोपालन व श्रीकांतिया यांनी हैदराबादेत संशोधन केले.

मालकीचा प्रश्न :
अतिनील किरणांनी अन्नात ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण होते, हे स्टीनबॉक यांनी १९२४ साली दाखविले. या शोधाच्या पेटंटच्या व्यवस्थापनासाठी १९२५ साली प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या उत्पन्नातून विद्यापीठातील संशोधनास मोठे बळ मिळाले. परंतु लोण्याच्या व्यवसायास धक्का लागू नये म्हणून गरिबांच्या ताटातील मार्गारिनसाठी हे तंत्र नाकारण्यात आले. मुडदूस मात्र प्रामुख्याने गरिबांच्याच मुलांना होत असे. १९४० च्या दशकात न्यायालयाने या धोरणावर टीका केली व पेटंट अवैध ठरविले.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात चार कृषी विद्यापीठे, १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ व २००० साली पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. प्रत्येकाचे कार्य मोलाचे असले, तरी शेत, गोठा व रुग्णालय यांचे प्रश्न स्वतंत्र छपराखाली गेले. त्यांच्यातील संवाद आपोआप घडणार नाही; तो जाणीवपूर्वक घडवावा लागेल. तो घडविताना संशोधनाचे फळ कोणाच्या ताटात पडणार, हाही विचार आवश्यक आहे.