विंडोज की लिनक्स? प्रश्न सवयीचा आहे, मंडळी!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. चिखली, मोशी, भोसरीत असे कितीतरी पीसी आहेत जे ठणठणीत चालतात, पण टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर जुना, म्हणून विंडोज ११ घेत नाहीत. नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेटची मुदतवाढ मिळते, तीही मर्यादित काळापुरतीच. मग काय, भंगारात घालायचे?

थोडं मागे जाऊ. १९९१ साली फिनलंडच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, लिनक्स जगापुढे ठेवलं. त्याच वर्षी इथे पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' महासंगणक उभा केला. आज जगातले पहिले ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. चाकणच्या कामगाराच्या खिशातला अँड्रॉइडही लिनक्सच्याच गाभ्यावर.

मग घरात विंडोजच का? कारण आपण तेच शिकलो. २००१ साली एमकेसीएल आली, मागोमाग एमएस-सीआयटी. सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागायचं आणि क्लासमध्ये समोर विंडोज-ऑफिस. वर्कशॉपचा हिशेब टॅलीवर, ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये, दोन्ही विंडोजवर. शिवाय असेंबल पीसीत दुकानदार चोरीचं विंडोज 'फुकट' टाकून द्यायचा. त्यामुळे लिनक्स खरोखर मोफत आहे, याचं कुणाला कौतुकच उरलं नाही! २००७ मध्ये सी-डॅकने 'बॉस' हे मराठीही चालणारं लिनक्स काढलं. ते घराघरात पोहोचलंच नाही. केरळने मात्र सरकारी शाळांत लिनक्स नेलं आणि तिथली पोरं त्यावरच शिकली. म्हणजे फरक अकलेचा नाही, धोरणाचा होता.

आजचा हिशेब सरळ आहे. टॅली, ऑटोकॅड, डीटीपीच्या जुन्या फाइल्स असतील तर विंडोज सोडू नका. पण ब्राउझर, यूट्यूब, पोरांचा अभ्यास, साधी पत्रं एवढंच असेल, तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल न करताही चालतं. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग तपासा. पटलं तरच टाका, आणि त्याआधी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्या.

आणि महापालिकेला एक विचारू या : शाळांच्या लॅबमधले जुने पीसी भंगारात काढण्याआधी हा पर्याय तपासणार का?