घर कोठे घ्यावे? शिरूर-दौंडचा अनुभव

कामगारांच्या बैठकीत पगारवाढीइतकाच एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : घर पुण्यात घ्यावे, पुण्याच्या उपनगरात घ्यावे, की आपल्या शिरूर-दौंडातच? याचे उत्तर जाहिरातींच्या रंगीत पत्रकांत सापडावयाचे नाही. ते पुष्कळसे या दोन गावांच्या इतिहासात आहे.

शिरूर म्हणजे जुने घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी पडली. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर येथे आहे, आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली पलटण येथूनच निघाली होती. छावणीमुळे पेठ वाढली. पुढे फौज गेली, परंतु पेठ मोडली नाही. कारण नगर रस्ता आणि भोवतालच्या खेड्यांचा बाजार तिच्या पाठीशी होता.

दौंडची गोष्ट निराळी. १८५८ साली आगगाडी पुण्यास पोचली व लवकरच भीमाकाठाने पुढे गेली. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. चाकरीबरोबर रेल्वेची खोलीही मिळू लागली. मात्र ती खोली चाकरीची, माणसाची नव्हे! निवृत्ती आली की किल्ली परत करावयाची. आमच्या एका सहकाऱ्याने जन्मभराचा फंड एका गुंठ्यात घातला. सात-बारावर सामाईक नावे सतरा. बाकीच्यांच्या सह्या नव्हत्या. बँकेने कर्ज नाकारले, आणि उतारवयात तो भाड्याच्या खोलीत गेला.

आज रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांच्या दारी हाच इतिहास पुन्हा घडतो आहे. केवळ एका फाटकाच्या भरवशावर घर घेऊ नये. कारखाना हलला, तर घर हलत नाही.

मग उपनगर बरे काय? वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. त्यापूर्वी तेथे ग्रामपंचायतच होती. अशा ठिकाणी इमारती आधी उठतात. पाणी, गटारे आणि रस्ते मागाहून येतात. तेव्हा भाव विचारण्याआधी उन्हाळ्यात नळाला पाणी येते का, हे तेथील बायाबापड्यांस विचारावे.

कोणी म्हणेल, दौंडात राहून पुण्यास नोकरी करू. खुशाल करावी, पण हिशेब मांडून. जाण्यास दोन तास, येण्यास दोन तास. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे शंभर तास होतात. म्हणजे आठ तासांच्या साडेबारा पाळ्या! ज्या आठ तासांसाठी कामगार चळवळ झगडली, त्यांचे आपणच बारा करून घेतो. हीदेखील घराची किंमतच होय. मुलांचे शिक्षण वा घरातले आजारपण यांसाठी कोणास पुणेच सोयीचे पडेल. त्याने लहान जागा पत्करावी.

कोठेही घ्या, कागद आधी पाहा. सात-बारावरील नावे, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा. आणि नव्या इमारतीची २०१७ पासून सुरू झालेल्या महारेराकडे नोंदणी आहे की नाही, हे तपासा. एकट्याने जाऊ नका. दोघे-चौघे मिळून वकिलाकडे जा. संघटना केवळ संपासाठी नसते.