मराठी नियतकालिकांतील कथा व वाचकाभिरुची (१९१८–३९)

दोन महायुद्धांच्या दरम्यान मराठी कथेचे रूप पालटले, ते मुख्यतः मासिकांच्या पानांवर. कथा प्रथम मासिकात प्रसिद्ध होई व संग्रहरूपाने मागाहून येई. त्यामुळे कथेची लांबी, विषय व शेवट यांवर अंकाच्या मर्यादांचा आणि वाचकांच्या अपेक्षांचा ठसा उमटला.

याची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळते. हरिभाऊ आपटे यांनी करमणूक (१८९०) या साप्ताहिकात क्रमशः कादंबऱ्यांच्या जोडीने ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. का. र. मित्र यांच्या मनोरंजन (१८९५) मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढून एक दीर्घ परंपरा सुरू केली. याच मासिकातून वि. सी. गुर्जर यांची ‘संपूर्ण गोष्ट’, म्हणजे एकाच अंकात पुरी होणारी कथा, लोकप्रिय झाली. गुर्जरांनी प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथांचाही आधार घेतला. योगायोग, गैरसमज व सुखान्त ही त्यांच्या कथांची वैशिष्ट्ये होत. दिवाकर कृष्ण यांच्या ‘अंगणातला पोपट’ (१९२२) व समाधि व इतर सहा गोष्टी (१९२७) यांमुळे कथेचा भर घटनांवरून व्यक्तीच्या अंतर्मनाकडे वळला.

१९२६ मध्ये पुण्यात रत्नाकर मासिक निघाले. पुढे यशवंत मासिकानेही कथेला प्राधान्य दिले. या काळात ना. सी. फडके यांनी ‘लघुकथा’ रूढ केली. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू व अनपेक्षित शेवट यांची शिस्त त्यांनी स्वतःच्या लेखनातून घालून दिली आणि प्रतिभासाधन (१९३१) या ग्रंथात साहित्यनिर्मितीच्या तंत्राचे विवेचन केले. एका बैठकीत वाचून संपणारी रेखीव कथा मासिकाच्या मोजक्या पानांना सोयीची होती. खेळीमेळीच्या लघुनिबंधाची आवडही रत्नाकरमधूनच वाढीस लागली.

मनोरंजनाला सुधारणेची जोड किर्लोस्करवाडीच्या मासिकांनी दिली. १९२० मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेली किर्लोस्कर खबर शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली सर्वसाधारण वाचकांचे मासिक बनली व १९२९ मध्ये किर्लोस्कर या नावाने निघू लागली. त्यापाठोपाठ स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही मासिके आली. शिकलेल्या स्त्रियांचा वाचकवर्ग वाढत होता. अविवाहित प्रौढ कुमारिकांची कुचंबणा मांडणाऱ्या विभावरी शिरूरकर यांच्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) या संग्रहाने खळबळ उडवली; टोपणनावामागे कोण आहे, याविषयीचे कुतूहलही तिला कारणीभूत होते.

अभिरुचीतील हा भेद ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात स्पष्ट झाला. फडके यांनी कलानंदाचा, तर वि. स. खांडेकर यांनी सामाजिक आशयाचा पक्ष घेतला. य. गो. जोशी यांनी तंत्राचे अवडंबर नाकारून साध्या मध्यमवर्गीय कुटुंबातील जिव्हाळा व ताण रंगविले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने त्याच वर्गाच्या विसंगतींवर त्याला हसावयास लावले.

या कथेचे जग मात्र मर्यादित होते. तिचे लेखक व वाचक बहुतांशी शहरी, पांढरपेशे होते. शेतकरी, कामगार व अस्पृश्य मानलेले समाज तिच्यात क्वचितच, आणि तेही पुष्कळदा सहानुभूतीचे विषय म्हणून, येत. श्री. म. माटे यांच्या उपेक्षितांचे अंतरंग (१९४१) या संग्रहाने ही उणीव जाणवून दिली. तंत्राला आलेल्या साचेबंदपणाविरुद्ध दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींच्या नवकथेने बंड केले. तथापि ते बंडही सत्यकथा, अभिरुची यांसारख्या मासिकांतूनच झाले. आधीच्या दोन दशकांनी अंकाची वाट पाहणारा, कथेविषयी आवडनिवड असलेला वाचक घडविला होता. नवकथेने त्याची आवड बदलू पाहिली, पण तिला तो आयता लाभला होता.